तुझा आरसा फुटत नाही

प्रिय वन्सं,

फोन खिशात असताना हे एवढं जाडजूड पत्र कशाला आलं, कुणाचं काही बरंवाईट तर झालं नाही ना, असं वाटून आधी शेवटचं पान उलटू नकोस. सगळे ठणठणीत आहेत. 'वन्सं' वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असणार. पडू दे. प्रयोगशाळेच्या कॅन्टीनमध्ये तूच तुझ्या भावाला माझ्यासमोर आणून बसवलंस आणि 'मला जरा काम आहे' म्हणून पसार झालीस. मैत्रिणीची नणंद व्हायची हौस तुझीच होती, आता भोग.

आधी घरच्या बातम्या. आईंना कानाचं यंत्र आणलं. ते त्या टीव्ही बघताना लावतात आणि आम्ही बोलायला लागलो की काढून डबीत ठेवतात. तुझ्या दादाला सुतारकामाचं वेड लागलंय. त्यानं केलेलं पहिलं स्टूल तीन पायांवर उभं राहतं, चौथा पाय शोभेला आहे. आपली फरशीच वाकडी असेल, असं मी नुसतं गमतीनं म्हटलं, तर हा बाबा पाणसळ घेऊन घरभर फिरला आणि फरशी खरंच वाकडी निघाली, त्यामुळे आता त्याच्याशी बोलायची सोय राहिलेली नाही. तुझी भाची गाडी शिकतेय. मी मागच्या सीटवर बसते आणि नसलेला ब्रेक दाबून दाबून माझ्या पोटऱ्या दुखतात. शिकवणाऱ्या बाईंनी तिला विचारलं, आई काय करते? ही म्हणाली, 'आरसे फोडते.' त्या बाईंनी गाडीच्या तिन्ही आरशांकडे एकदा काळजीनं बघून घेतलं म्हणे.

खोटं काय आहे त्यात? तुला माझं काम सांगायला नको, पण भाचीला मी ते कसं समजावलं ते ऐक आणि चुकलं असेल तर सांग. तिला म्हटलं, आमचा लेसर इन्फ्रारेड असतो, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, आणि इतका जोरकस की त्याला वळवायला घरातला आरसा चालत नाही. काचेवर तीस-पस्तीस थर चढवावे लागतात, एकेक थर केसाच्या चारशेव्या हिश्शाएवढा पातळ. ते थर चढवायचं काम तुझी आत्या करायची. ते थर किती मारा सोसतात हे बघायचं काम माझं. आरशाच्या एका जागी मारा करायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, काही झालं नसेल तर शेजारच्या जागी आणखी जोरानं. जिथं 'टिक' असा बारीक आवाज होतो, ठिणगी उडते आणि थरात खड्डा पडतो, तो आकडा लिहायचा. यावर ती म्हणाली, 'म्हणजे आत्या करणार आणि तू मोडणार? नणंद-भावजयीचं हे जरा अतीच झालं.'

अतीच होतं. आठवतं ना, लॅबमध्ये सगळे तुला 'थरवाली' म्हणायचे आणि मला 'फोडणी'. तू त्या निर्वात टाकीच्या बारक्या खिडकीला डोळा लावून आठ-आठ तास बसायचीस. पंपाचा आवाज ऐकून सांगायचीस की आज वाफ नीट बसणार नाही, आणि खरंच बसायची नाही. आसपास कुणी शिंकलं तर त्याला दाराबाहेर काढायचीस. एवढं करून झालेले आरसे तू माझ्याकडे आणायचीस ते दोन्ही हातांत, बाळंतिणीच्या खोलीतून मूल आणावं तसे, आणि मी त्यांना चिमट्यात धरून विचारायचे, 'कितीला फोडू?' तू म्हणायचीस, 'फोडून तर दाखव!' काय हसायचो आपण. एकदा तुझा आरसा सतरापर्यंत टिकला तेव्हा तू सगळ्या मजल्याला चहा पाजलास, आणि लेथवर काम करणारे मामा दोन कप प्यायले, एक आरशाच्या वाटचा म्हणून. मामा अजून आहेत. निवृत्त होऊन झाली दोन वर्षं, तरी रोज येतात. त्यांच्याशिवाय लेथ कुणाचं ऐकत नाही.

आता लॅबची बातमी. आपला जुना लेसर गेल्या महिन्यात मोडीत निघाला आणि नवा आला. मोठा गुणी आहे, सकाळी चालू केल्यावर जुन्यासारखा अर्धा तास रुसून बसत नाही. नवी मांडणी लावली की ती खरे आकडे देते का हे तपासायचं असतं. त्याला मी माझा साधा उपाय करते. ज्याचा आकडा आधीच माहीत आहे असा एखादा जुना नापास आरसा घ्यायचा आणि तो आपल्या ठरल्या आकड्याला फुटतो का बघायचं. म्हणून मी नापास आरशांचा खण उघडला आणि हाताला लागली ती डबी उचलली. झाकणावर माझ्या अक्षरात 'अकरा' लिहिलेलं होतं. झाला बळीचा बकरा तयार, म्हटलं, आणि आरसा बसवला.

अकराला काही झालं नाही. दहा कोऱ्या जागी मारा केला, एकीकडेही खड्डा नाही. होतं असं कधीकधी, म्हणून बाराला गेले. मग चौदा, सोळा. मेला ढिम्म हलेना. यंत्र बसवायला आलेला इंजिनिअर शेजारी उभा होता. आठवडाभरात 'रिलॅक्स मॅडम' याखेरीज दुसरं वाक्य त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. त्याला मी सांगितलं की तुमचं यंत्र खोटं बोलतंय. त्याचा चेहरा पडला. बिचाऱ्यानं ऊर्जेचं मापक दोनदा तपासलं, मी झोताचा ठिपका तीनदा मोजला. सगळं जागच्या जागी. मग मी खणातले आणखी तीन आरसे काढले. नऊवाला नवाला फुटला, चौदावाला चौदाला, सातवाला सातच्या जरासा पुढे. इंजिनिअरच्या जिवात जीव आला. यंत्र खरं बोलत होतं. म्हणजे एक तर तो एकटा आरसा खोटं बोलत होता, नाहीतर त्याच्या डबीवरचा आकडा.

मी तो परत बसवला आणि वर वर जात राहिले. वीस. बावीस. मामा येऊन मागे उभे राहिले. चोवीसला नाही. पंचविसाला 'टिक' झालं आणि ठिणगी उडाली, तेव्हा मामांनी चक्क टाळी वाजवली. एवढा टणक आरसा आमच्या टेबलावर कित्येक वर्षांत आला नव्हता. बाहेरून मागवतो ते पंधराच्या पुढे जात नाहीत. कुणाची करामत म्हणून मी डबी उलटी केली. तळाला तुझं गोल गोल अक्षर होतं. 'तुकडी सत्तेचाळीस. ही चांगली झालीय.'

मी तिथल्या स्टुलावर धपकन बसले. मामांना वाटलं चक्कर आली, त्यांनी पंखा माझ्याकडे वळवला. बाईमाणसाला काही झालं की पंखा वळवायचा, हा त्यांचा एकमेव उपचार.

सत्तेचाळीसचा विषय तू आणि मी नऊ वर्षांत कधी काढला नाही. सणासमारंभाला भेटलो, एकमेकींची ताटं वाढली, फोनवर तासतासभर बोललो, पण त्या एका विषयाला वळसा घालून. आज घालत नाही. त्या तुकडीत विसाच्या वर टिकणारे आरसे हवे होते आणि मी अहवाल दिला, 'सगळे अकराला फुटतात.' मीटिंगमध्ये तुझा चेहरा पांढराफटक पडला होता. तू फक्त एवढंच विचारलंस, 'वहिनी, ठिपका एकदा परत मोजशील?' ऑफिसात तू मला कधी वहिनी म्हणायची नाहीस, नावानंच हाक मारायचीस. त्या दिवशी तोंडून गेलं. टेबलाच्या पलीकडे कुणीतरी फिसकन हसलं. नणंदेचे आरसे भावजय हळू हातानं फोडते, अशी कुजबूज तेव्हा चालूच होती. तुझ्यापर्यंत आली होती की नाही ठाऊक नाही, माझ्यापर्यंत मात्र रोज यायची. ते हसणं ऐकून माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, 'इथं कुणी कुणाची वहिनी नाही. आणि माझं माप चुकत नसतं.' तू मान खाली घातलीस. तुकडी बाद झाली, टाकीवर दुसऱ्याला बसवलं, आणि सहा महिन्यांनी तू सांगितलंस की चष्म्याच्या कारखान्यात चांगली जागा मिळतेय. तिथं निदान लोक काचेतून बघतात, काच फोडत नाहीत, असंही म्हणालीस. आम्ही सगळे हसलो. सगळ्यात मोठ्यानं मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुन्या नोंदवह्या काढल्या. तुझं पान सापडलं. त्या आठवड्यात छतातला पाइप गळत होता, आठवतं? अर्धं टेबल प्लास्टिकनं झाकून ठेवलं होतं आणि मी उरलेल्या अर्ध्यात मांडणी लावली होती. ठिपका मोजायचा कॅमेरा दुरुस्तीला गेला होता. तिथं माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'ठिपका मागच्या आठवड्याचाच धरला.' एवढ्याशा जागेत सगळं कसं सुरेख बसलं म्हणून तेव्हा मी स्वतःची पाठ थोपटून घेतली होती, तेही आठवलं. मग पानं उलटत गेले. बारा दिवसांनंतरची एक ओळ आहे. 'दोन लेन्सच्या डब्या अदलाबदल झाल्या होत्या. नीट केल्या.' बस्स. पुढे दुसऱ्याच कुणाच्या आरशांचे आकडे.

तू एव्हाना ओळखलंस. दीड मीटरवर झोत गोळा करणाऱ्या लेन्सच्या डबीत एक मीटरवर गोळा करणारी लेन्स होती. म्हणूनच ती मांडणी तेवढ्या जागेत बसली! तुझ्या आरशांवर मी झोत बारीक करून मारत होते आणि आकडे मात्र जाड झोताचे लिहीत होते. उन्हात भिंग धरून ज्यानं कधी कागद जाळलाय त्याला विचार, ठिपका जितका लहान तितका चटका जास्त. मी कॅलक्युलेटर घेतला. अकराला दीड गुणिले दीड, म्हणजे सव्वादोननं गुणलं. पावणेपंचवीस आले.

मग ती ओळ परत वाचली. डब्या बदलल्याचं कळलं त्या दिवशी मला सत्तेचाळीस आठवली नव्हती का? मी स्वतःला उलटसुलट विचारून पाहिलं. लपवलं नाही मी, एवढं खात्रीनं सांगते. पण मीटिंगमध्ये जे बोलून बसले होते त्यानंतर त्या बाजूला बघायचीच इच्छा नव्हती, हेही तितकंच खरं. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजरीला कुणी खोटारडी म्हणत नाही. पण दूध संपतंच ना?

आमच्या हल्लीच्या प्रमुख बाई माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहेत आणि बोलायला लागल्या की श्वास घ्यायला थांबत नाहीत. मी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा त्या थांबल्या. मग म्हणाल्या, 'हे तुम्ही सांगितलं नसतं तर कुणाला कळलं असतं?' म्हटलं, नाही. 'मग?' मी वही मिटली. म्हणाले, 'आरसा फुटला नाही तर फुटला नाही असंच लिहायचं असतं.' गुरुवारच्या मीटिंगमध्ये मी उभी राहिले, त्याच खोलीत, त्याच टेबलापाशी. तेव्हाचे चारच जण उरलेत.  बोलून झालं तेव्हा मीटिंगला बसायचा काडीचा अधिकार नसलेले मामा दारातून म्हणाले, 'थरवालीचा हात तेव्हाही सोन्याचा होता, मी सांगत होतो.' ते तेव्हाही खरंच सांगत होते. मग तुझा आरसा टेबलाभोवती हातोहात फिरला. नव्या पोरी त्यावरचा पंचविसाचा तो खड्डा भिंगातून बघत होत्या आणि विचारत होत्या, ही बाई सध्या कुठे असते?

घरी सांगणं त्याहून अवघड गेलं. तुझा दादा फळीला रंधा मारत होता. ऐकता ऐकता थांबला, रंधा खाली ठेवला आणि दोन दिवस माझ्याशी 'मीठ दे' आणि 'दार लाव' याच्यापलीकडे बोलला नाही. आईंना मी मोठ्यानं सांगायला गेले. त्या म्हणाल्या, 'आरसा फुटला नाही ना? मग रडतेस कशाला?' मला रडता रडता हसू फुटलं. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी डबीतून यंत्र काढलं, स्वतःच्या हातानं कानात घातलं आणि म्हणाल्या, 'आता पहिल्यापासून सांग.' मी सांगितलं. मग त्यांनी मला सांगितलं. तू गाव सोडून निघालीस त्या दिवशी त्यांच्याजवळ म्हणाली होतीस म्हणे, 'आई, माझाच हात गेला असेल.' त्यांना वाटलं तुझ्या हाताला काही दुखापत झालीय. म्हणून त्या महिनाभर तुला चोळायला मलम पाठवत होत्या. आणि तूही दर वेळी 'बरं वाटतंय' असं कळवत राहिलीस. हे ऐकून दादा तिसऱ्या दिवशी माझ्याशी बोलला. मी फोन उचलला होता तुला करायला. तो म्हणाला, 'फोन करू नकोस. फोनवर ती 'असू दे गं' म्हणेल आणि दोघी मोकळ्या व्हाल. लिहून पाठव. कागदावर तिला मध्ये बोलता येणार नाही.' इतक्या वर्षांच्या संसारात त्याचं एवढं बरोबर पहिल्यांदाच निघालं असेल, आणि त्यात फरशीचाही हिशेब धरलाय.

तर आता हे पत्र कशासाठी ते. दुरुस्त केलेल्या अहवालावर मी काल सही केली, त्याची प्रत सोबत आहे. त्यात सत्तेचाळीसपुढे तुझं पूर्ण नाव आहे आणि चूक कुणाची होती तिथं माझं. येत्या बुधवारी दुपारी आमच्या बाई तुला फोन करतील. ती टाकी अजून चालू आहे, तिच्यातून चांगले आरसे काढणं मात्र तुझ्यानंतर कुणाला जमलं नाही, आणि तू निदान तीन तुकड्यांपुरती तरी यावीस असं त्या विचारणार आहेत. तो फोन यायच्या आत हे तुझ्या हातात पडावं म्हणून मी स्वतः टपाल कचेरीत जाऊन देणार आहे. कुणी तुला बोलवायच्या आधी तुला हे माहीत असायला हवं की तुझा हात कधीच गेला नव्हता. माझी तोंड उघडून माफी मागायची लायकी असली किंवा नसली, ती मी मागतेय. पण तिचा आणि त्या फोनचा संबंध लावू नकोस. वहिनीला बरं वाटावं म्हणून 'हो' म्हणालीस तर मी तुला दारातूनच परत पाठवीन. चष्म्याच्या कारखान्यात रमली असशील तर बाईंना खणखणीत 'नाही' सांग, त्यांना सवय नाही, जरा होऊ दे. त्या खिडकीला पुन्हा डोळा लावावासा वाटतो का, तेवढंच स्वतःला विचार. आणि माझ्याशी भांडायला वेगळा फोन कर. नऊ वर्षांचं साचलंय, घाईत उरकू नकोस. रविवारी मी दिवसभर घरी आहे, उचलीन, आणि तुझं बोलून होईपर्यंत मध्ये एक अक्षर काढणार नाही.

तुझीच,
वहिनी